भागायचं कशाने?

कल्याण-डोंबिवलीकडून येणारा शीळ रस्ता, मुंब्र्याहून पनवेलला जाणारा जुना मुंबई-पुणे रस्ता आणि महापेहून चढून येणारा नवी मुंबईचा रस्ता शीळफाटा-कल्याण फाटा परिसरात एकमेकांना भेटतात. न्हावा-शेवा बंदरातून भिवंडीच्या गोदामांकडे निघालेले कंटेनर इथूनच जातात, महापेला कामाला जाणारे डोंबिवलीकर इथूनच जातात, आणि ज्या दिवशी या दोघांना एकाच वेळी जायचं असतं त्या दिवशी कोणीच कुठे जात नाही. जमिनीखाली बुलेट ट्रेनचा बोगदा आहे, त्याचं एक तोंड शीळफाट्यालाच उघडतं. बालभारतीचं दहावीचं ‘गणित भाग १’ हातात घेऊन उभं राहायला याहून योग्य जागा मला तरी माहीत नाही.

२०१८ पासूनच्या या पुस्तकात सहा प्रकरणं आहेत: दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी. यावर ४० गुणांचा एक पेपर. क्लासमध्ये ही प्रकरणं वेगवेगळी शिकवली जातात आणि मुलंही ती वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतात. पण चुकलेल्या वह्या चाळल्या तर एक चूक कप्पे ओलांडून सगळीकडे फिरताना दिसते. बेरीज बरोबर असते, सूत्र पाठ असतं, भागाकारही बिनचूक असतो. भागलेलं असतं भलत्याच संख्येने.

सुरुवात काळ-काम-वेगापासून करू, कारण मोठ्या माणसांनाही यातच हमखास पकडता येतं. कल्याणच्या बाजूने शीळफाट्यापर्यंतचं अंतर हिशेबाला सोपं म्हणून १२ किलोमीटर धरा. पहाटे निघालात, रस्ता मोकळा, ताशी ४० ने पोहोचलात. संध्याकाळी परतताना कोंडी, वेग ताशी १०. सरासरी वेग किती? दहातले आठ जण ४० आणि १० ची बेरीज करून २ ने भागतात आणि २५ सांगतात. आता घड्याळ लावून पाहा. जायला १८ मिनिटं, यायला ७२ मिनिटं. एकूण २४ किलोमीटर, ९० मिनिटं, म्हणजे दीड तास. २४ भागिले दीड, सरासरी वेग ताशी १६.

२५ का चुकलं? कारण ‘भागिले २’ म्हणताना आपण दोन्ही वेगांना सारखं वजन दिलं. प्रत्यक्षात ताशी १० च्या वेगात आपण ४० च्या वेगाच्या चौपट वेळ काढला. वेग म्हणजे अंतर भागिले वेळ, तेव्हा सरासरी वेगही एकूण अंतर भागिले एकूण वेळच असणार. २ हा आकडा त्या हिशेबात कुठेच बसत नाही. अर्थात, एक तास ४० ने आणि पुढचा एक तास १० ने गेला असतात, तर मात्र २५ हेच उत्तर बरोबर होतं. अंतर सारखं की वेळ सारखा, एवढंच प्रश्नात शोधायचं असतं. अंतरं सारखी असतील तेव्हा जी सरासरी येते तिला हरात्मक मध्य म्हणतात. नाव लक्षात राहिलं नाही तरी बिघडत नाही.

याच गणिताला थोडा पीळ दिला की मजा येते. समजा सकाळीच कोंडी लागली आणि जाताना वेग ताशी १० पडला. जाऊन-येऊन सरासरी निदान २० तरी व्हावी असं वाटतं. परतीचा वेग किती हवा? बहुतेक जण ३० म्हणतात. परतीचा वेग क्ष मानू. जायला १२ भागिले १०, म्हणजे १.२ तास. यायला १२ भागिले क्ष. आणि ताशी २० ने २४ किलोमीटरला एकूण लागतात १.२ तास. समीकरण झालं: १.२ + १२/क्ष = १.२. म्हणजे १२/क्ष = ०, आणि असा कुठलाही क्ष नाही. जेवढा वेळ मिळणार होता तेवढा सगळा जातानाच संपला. परतीला ताशी ३२० ने धावणारी बुलेट ट्रेन मिळाली तरी सव्वादोन मिनिटं लागतीलच, एकूण ७४.२५ मिनिटं, सरासरी सुमारे १९.४. वीस नाहीच. समीकरणाला उत्तर नसणं हेही उत्तर असतं, हे मुलांना पाठ्यपुस्तकातल्या कोरड्या उदाहरणापेक्षा इथे चटकन पटतं.

बुलेट ट्रेनचा विषय निघालाच आहे. वांद्रे-कुर्ला संकुलापासून शीळफाट्यापर्यंतचा बोगदा २१ किलोमीटरचा, त्यातले सुमारे ७ किलोमीटर ठाणे खाडीच्या खालून. १६ किलोमीटर अवाढव्य यंत्राने कोरायचे आहेत आणि घणसोली ते शीळफाटा हे उरलेले सुमारे ५ किलोमीटर सुरुंग लावून फोडले गेले. काम लवकर व्हावं म्हणून मध्येच ३९४ मीटरचा एक जोडबोगदा खणून तिथूनही दोन्ही दिशांना तोंडं उघडली. मे २०२४ च्या सुमारास सुरू झालेल्या या कामात ९ जुलै २०२५ ला जोडबोगदा ते शीळफाटा हा २.७ किलोमीटरचा सलग भाग आरपार झाला, आणि सप्टेंबरमध्ये ४.८८ किलोमीटरचा पूर्ण टप्पा.

दोन टोकांकडून खणत येऊन मध्ये भेटणं हे काळ-काम-वेगाचं सगळ्यात जुनं गणित. २७०० मीटर, सुमारे १४ महिने. भागाकार केला तर महिन्याला १९३ मीटर, दिवसाला साधारण ६.४ मीटर. बातमीवरून कोणी म्हणालं की ‘एक तुकडी रोज सव्वासहा-साडेसहा मीटर डोंगर फोडत होती’, तर तिथे पुन्हा भागाकाराचा घोटाळा झाला. हा वेग दोन्ही तोंडांचा मिळून आहे. एका तोंडाचा सरासरी वेग काढायचा तर आणखी २ ने भागायला हवं, सुमारे ३.२ मीटर.

बरं, पण प्रत्येक तोंडाचा प्रत्यक्षातला वेग किती? तो नुसत्या या आकड्यांवरून सांगताच येत नाही. शीळफाट्याकडून क्ष मीटर आणि जोडबोगद्याकडून य मीटर खणलं असेल तर क्ष + य = २७००, एवढं एकच समीकरण हाती आहे आणि अज्ञात दोन. १००० आणि १७०० चालतं, १३५० आणि १३५० चालतं, २६०० आणि १०० सुद्धा चालतं. दुसरी एखादी बातमी हवी. उदाहरणापुरतं धरा की शीळफाट्याकडच्या तोंडाने ३०० मीटर जास्त खणले. मग क्ष − य = ३००. दोन्ही समीकरणं मिळवली की २क्ष = ३०००, क्ष = १५००, य = १२००. पहिल्या प्रकरणातली शाब्दिक उदाहरणं मुलांना अवघड जातात ती सोडवणुकीमुळे क्वचितच. प्रश्नातल्या दोन वाक्यांत दोन वेगवेगळ्या बातम्या आहेत की एकच बातमी दोनदा सांगितली आहे, हे ओळखताना ती अडतात. ‘एकूण २७००’ आणि ‘सरासरी १३५०’ या दोन बातम्या नाहीत, हे दहावीच्या मुलाला एकदा दाखवून द्यावंच लागतं.

अज्ञात जास्त आणि समीकरणं कमी, ही अडचण भास्कराचार्यांना चांगली ठाऊक होती. ११५० साली पूर्ण केलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’तल्या बीजगणितात ते पहिल्या अज्ञाताला यावत्-तावत् म्हणतात आणि पुढच्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं देतात. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखात त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ उभारल्याची नोंद आहे, शके ११२८ ची. म्हणजे महाराष्ट्रात बीजगणिताचा क्लास निघाला त्याला आठशे वर्षं उलटून गेली. भास्कराचार्यांकडे अशा अपुऱ्या समीकरणांसाठी कुट्टक नावाची रीत होती. त्यात अट एकच, उत्तरं पूर्णांकात हवीत. ही अट किती कामाची आहे ते फाट्यावरच पाहता येतं.

रस्त्याकडेला काही रिक्षा आणि काही दहाचाकी ट्रक उभे आहेत. कोणीतरी चाकं मोजली, ६१ भरली. रिक्षा किती, ट्रक किती? ३क्ष + १०य = ६१. अपूर्णांक चालत असते तर उत्तरांना अंत नव्हता. पण अर्धा ट्रक उभा राहत नाही. एक ट्रक धरला तर ५१ चाकं उरतात, १७ रिक्षा. दोन धरले तर ४१, त्याला ३ ने भाग जात नाही. तीन धरले तर ३१, तेही नाही. चार ट्रक, २१ चाकं, ७ रिक्षा. पाच आणि सहा ट्रकही बसत नाहीत. अनंत उत्तरांतून उरली फक्त दोन. आता वाहतूक हवालदार नुसतं म्हणाला की ‘गाड्या वीसपेक्षा खूप कमी होत्या हो’, तरी गणित सुटलं: चार ट्रक आणि सात रिक्षा.

आता सांख्यिकीकडे. या प्रकरणात मुलं मध्य, मध्यक आणि बहुलक यांची सूत्रं पाठ करतात आणि परीक्षेत गुणही मिळवतात, पण मध्यकाच्या सूत्रात नक्की काय चाललंय हे विचारलं की शांतता. एक कल्पित सारणी घेऊ. चाळीस वाहनांना फाटा ओलांडायला किती मिनिटं लागली त्याची. ० ते १० मिनिटं: ८ वाहनं. १० ते २०: १४. २० ते ३०: १०. ३० ते ४०: ४. ४० ते ५०: २. ५० ते ६०: २.

मध्य काढताना प्रत्येक वर्गातली सगळी वाहनं वर्गाच्या मधोमध आहेत असं मानतात. ८ वाहनं ५ मिनिटांवर, १४ वाहनं १५ वर, असं करत गुणाकारांची बेरीज ८४० येते. भागिले ४०, मध्य २१ मिनिटं. इथे नेहमीची चूक म्हणजे ६ ने भागणं, कारण सारणीत ओळी सहा दिसतात. ओळी सहा असल्या तरी गाड्या चाळीस आहेत.

मध्यक म्हणजे वाहनं वेळेच्या चढत्या क्रमाने उभी केली तर मधलं वाहन. वर्गीकृत सारणीत आपण विसावं वाहन धरतो. पहिल्या वर्गात ८ संपली, म्हणजे आपल्याला दुसऱ्या वर्गातलं बारावं हवं. त्या वर्गात १४ वाहनं १० मिनिटांच्या पट्ट्यात आहेत. ती सारख्या अंतराने पसरली आहेत असं मानलं तर बारावं वाहन पट्ट्याचा १२/१४ भाग चालून गेल्यावर भेटेल. १० अधिक १२/१४ गुणिले १०, म्हणजे सुमारे १८.६ मिनिटं. पुस्तकातलं भलंमोठं सूत्र एवढंच बोलतं. आणि या सूत्रात ४० ने भागत नाहीत, ६ नेही नाही, १४ ने भागतात, कारण आता आपण फक्त त्या एका वर्गात उभे आहोत. हे कळलं की सूत्र पाठ करावं लागत नाही.

बहुलकाचं सूत्र लावलं तर १० अधिक ६/१० गुणिले १०, म्हणजे १६ मिनिटं येतात. तीन सरासऱ्या, तीन आकडे: १६, १८.६, २१. यातला खरा कुठला असं मुलं विचारतात. तिन्ही खरे आहेत, पण तिन्ही सारखे कणखर नाहीत. शेवटच्या दोन वाहनांना ५५ ऐवजी १५० मिनिटं लागली असं समजा. कंटेनर बंद पडला की तेवढं सहज होतं. बेरीज १९० ने वाढून १०३० झाली, मध्य २१ वरून २५.७५ वर गेला. मध्यक जिथल्या तिथे, १८.६. विसाव्या वाहनाला मागच्या दोघांचं काय झालं याच्याशी देणंघेणं नाही. म्हणून ‘साधारण किती वेळ लागतो’ असं विचारणाऱ्याला मी मध्यक सांगेन. चाळीस गाड्यांचं मिळून किती डिझेल जळलं याचा अंदाज हवा असेल तर मात्र मध्यच लागेल, कारण तिथे अडकलेल्या दोघांचा धूरही मोजायचा आहे.

सरासरी कोणाच्या बाजूने काढली यावरही उत्तर बदलतं. शीळफाट्यावर बससाठी थांबणाऱ्यांना याचा रोज अनुभव येतो. समजा एका मार्गावर तासाला चार बस आहेत. सरासरी दर १५ मिनिटांनी एक, म्हणजे अवचित येऊन उभ्या राहिलेल्या माणसाने सरासरी साडेसात मिनिटं थांबावं. पण कोंडीमुळे बस जोडीने येतात: ५ मिनिटांचं अंतर, मग २५ चं, पुन्हा ५, पुन्हा २५. आगाराच्या कागदावर सरासरी अंतर अजूनही १५ च आहे. प्रवाशाचं पाहा. अर्ध्या तासात तो कुठल्याही मिनिटाला येऊ शकतो. ३० पैकी ५ मिनिटं छोट्या अंतराची, तेव्हा आला तर सरासरी अडीच मिनिटं थांबेल. ३० पैकी २५ मिनिटं मोठ्या अंतराची, तेव्हा आला तर साडेबारा. एकत्र केलं की ५/३० गुणिले २.५ अधिक २५/३० गुणिले १२.५, म्हणजे जवळजवळ ११ मिनिटं. साडेसात नव्हेत. आगार अंतरांच्या संख्येने भागतं, प्रवासी मिनिटांच्या संख्येने. मोठ्या अंतरात येऊन सापडायची शक्यताच जास्त असते, कारण ते मोठं असतं. ‘आपण आलो की बस नुकतीच गेलेली असते’ या तक्रारीत नशिबाचा भाग वाटतो तितका नाही.

गर्दीचंही तसंच. एका बसमध्ये २० प्रवासी, मागच्या बसमध्ये ८०. वाहकांना विचारलं तर सरासरी ५०. प्रवाशांना विचारलं की ‘तुमच्या बसमध्ये किती जण होते’, तर २० जण २० म्हणतील, ८० जण ८० म्हणतील, आणि त्या शंभर उत्तरांची सरासरी ६८ येईल. कोणीच खोटं बोललेलं नाही.

निकालाच्या टक्केवारीत हाच प्रकार दर वर्षी घडतो. एका शाळेचा निकाल ९० टक्के, दुसरीचा ६०, म्हणून दोन्हींचा मिळून ७५ असं लोक बिनधास्त सांगतात. पहिल्या शाळेत २० मुलं बसली होती आणि दुसरीत १८०. पास झाले १८ आणि १०८, एकूण २०० पैकी १२६. ६३ टक्के.

संभाव्यतेच्या प्रकरणात या भागाकाराला मानाचं स्थान मिळतं, कारण तिथे छेदाला नमुना अवकाश असं भारदस्त नाव आहे आणि पेपरात तो लिहून काढायला सांगतात. दोन नाणी फेकली तर छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा, अशा चार निष्पत्ती. पण बरीच मुलं मनातल्या मनात तीनच धरतात: दोन छापे, एक छापा, एकही नाही. मग दोन छाप्यांची संभाव्यता १/३ लिहितात. त्यांना रागावण्याआधी एवढं ध्यानात घ्यावं की अठराव्या शतकातला नामांकित फ्रेंच गणिती दालाँबेर हाही दोन नाण्यांपाशी असाच घसरला होता. दोन फेकींत निदान एक छापा येण्याची संभाव्यता त्याने ३/४ ऐवजी २/३ काढली, आणि तीही विश्वकोशासाठी लिहिलेल्या लेखात. त्याचा युक्तिवाद असा की पहिला छापा आला तर खेळ तिथेच संपला, म्हणून शक्यता तीनच. शक्यता तीन आहेत हे खरं, पण त्या सारख्या वजनाच्या नाहीत. पहिली एकटीच अर्धी आहे. ‘ट्रॅफिक लागेल किंवा लागणार नाही, म्हणजे निम्मी निम्मी’ असं म्हणणारा शीळफाट्याचा प्रवासी दालाँबेरचाच चुलतभाऊ.

दोन फाशांचंही तेच. बेरजा २ ते १२, म्हणजे अकरा, म्हणून ७ येण्याची संभाव्यता १/११ असं लिहिलेलं हमखास सापडतं. निष्पत्ती ३६ आहेत आणि त्यातल्या सहांची बेरीज ७ येते. १/६.

‘किमान एक’ किंवा ‘निदान दोन’ असे शब्द आले की सरळ मोजायला जाऊ नये, उलटीकडून मोजावं. फाट्यावर चहा पिताना करून पाहता येईल असं एक गणित यासाठी सोयीचं आहे. एमएच ०४ ठाण्याची, ०५ कल्याणची, ४३ नवी मुंबईची, ४६ पनवेलची, अशा सगळ्या पाट्यांच्या गाड्या समोरून जात असतात. येणाऱ्या पाच गाड्यांचा फक्त शेवटचा अंक पाहायचा. त्यात निदान दोन गाड्यांचा शेवटचा अंक सारखा निघेल, अशी पैज लावावी का? अंक दहा आणि गाड्या पाच, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं की पैज लावणारा हरणार. उलट मोजा. पाचही अंक वेगळे कसे येतील? पहिल्याला १० पर्याय, दुसऱ्याला ९, मग ८, ७, ६. गुणाकार ३०,२४०. एकूण शक्यता मात्र प्रत्येक गाडीला १०, म्हणजे १,००,०००. पाचही वेगळे असण्याची संभाव्यता ०.३०२४, म्हणून कुठेतरी जोडी जुळण्याची सुमारे ०.७०. चारच गाड्या पाहिल्या तर ०.४९६, जवळपास निम्मी. सात पाहिल्या तर ०.९४.

यात एक गृहीतक दडलेलं आहे: दहाही अंक सारखेच वेळा येतात हे. ते तंतोतंत खरं नाही. पैसे मोजून आवडीचा क्रमांक घेणारे असतात, आणि काही अंक इतरांपेक्षा जास्त लाडके असतात. पण त्यामुळे पैजेला धक्का लागत नाही. अंकांची वाटणी जितकी असमान, तितकी जोडी जुळण्याची शक्यता वाढते. सारखी वाटणी हीच पैज लावणाऱ्यासाठी सगळ्यात वाईट. तेव्हा प्रत्यक्षातली संभाव्यता ०.७० हून किंचित जास्तच भरेल.